शब्दचर्चा : ‘गाज’ फक्त समुद्राचीच का?

(प्रत्येक मजकुराच्या वर तो लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

अनाहत

माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या ‘लव्हलेस’ (1991) या अल्बमविषयी एका छोट्या नियतकालिकासाठी लिहिताना मी असे वाक्य लिहिले होते : ‘ड्रमचे पहिले चार ठोके संपताच गिटारची जी गाज उठते, ती अल्बम संपेपर्यंत पुरती ओसरत नाही.’ संपादकांनी ‘गाज’ खोडून तिथे ‘ध्वनीची भिंत’ असे केले. मराठीत गाज समुद्राची असते, वाद्याची नसते, असे त्यांचे म्हणणे आहे.

‘भिंत’ मला मुळीच पटत नाही, आणि न पटण्याचे कारण त्या अल्बममध्येच आहे. बँडचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स तारा छेडत असताना गिटारचा ट्रेमोलो दांडा हातातच धरून ठेवतो, त्यामुळे प्रत्येक झटक्यागणिक सूर थोडा खाली सरकतो आणि पुन्हा वर येतो. असा आवाज एका जागी क्षणभरही ठरत नाही, मग त्याला भिंत कसे म्हणायचे? थरांवर थर चढवून तो उभारला आहे ही समजूतही तितकीशी खरी नाही. ऐकणाऱ्याला वाटतात त्यापेक्षा गिटारचे थर कमी आहेत, असे शील्ड्सने मुलाखतींत सांगितले आहे. गायिका बिलिंडा बुचरचा आवाज या सगळ्याच्या वर कुठे ठेवलेला नसून आतच मुरलेला आहे. एकच कंप सगळीकडे पसरलेला आहे, असे मला तो अल्बम ऐकताना नेहमी वाटत आले आहे, आणि त्यासाठी ‘गाज’पेक्षा नेमका शब्द मला सापडत नाही.

त्याच लेखात स्लोडाइव्ह या बँडच्या ‘सुव्लाकी’ (1993) या अल्बमविषयी लिहिताना, गिटारचा सूर लांबत लांबत विरतो त्याला मी ‘आस’ म्हटले होते. तो शब्द मात्र कोणी खोडला नाही. सतारीची आस गिटारला चालते, तर समुद्राची गाज का चालू नये?

सुरूचे बन

माझे बालपण हर्णैजवळच्या एका गावात गेले, त्यामुळे या शब्दाविषयी मला बोललेच पाहिजे. गाज म्हणजे लाटेचा आवाज नव्हे. लाट फुटते, आपटते, तिचा आवाज वेगळा. आपण किनाऱ्यापासून इतके लांब असतो की एक लाट दुसरीपासून वेगळी ओळखू येत नाही, तेव्हा जे ऐकू येते ती गाज. माझी आजी रात्री दार लावून घेतल्यावर माजघरात बसून ‘आज गाज मोठी आहे’ असे म्हणत असे; पुळणीवर उभे असताना तिने तो शब्द वापरल्याचे मला आठवत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वडीलधारी माणसे गाज कोणत्या अंगाने येते आहे याकडे कान लावून असत आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधत.

अंतर हा त्या शब्दाच्या अर्थाचाच भाग आहे. आपण वर्णिलेला ‘लव्हलेस’ तर कानाला अगदी भिडून वाजतो. त्याला गाज म्हटले की ते अंतर नाहीसे होते. आपल्या दोन अल्बमांपैकी गाज कुणाची असेलच तर ती ‘सुव्लाकी’ची आहे, म्हणजे आपण जिथे ‘आस’ वापरला नेमकी तिथली.

शब्दवेध

‘गाज’ समुद्रातून आलेला नाही, मेघातून आलेला आहे. संस्कृत ‘गर्ज्’, प्राकृतात ‘गज्ज’, मराठीत ‘गाज’. कर्म, कम्म, काम हा जो रस्ता आहे तोच हा. हिंदीत तर गाज म्हणजे कोसळणारी वीज. समुद्राचा हक्क आपल्याकडे किनाऱ्यावरच्या लोकांनी प्रस्थापित केला, तो मूळचा नव्हे.

दुसरे असे की आपण रोज ‘वाजतगाजत’ म्हणतो आणि त्यातली दोन क्रियापदे वेगळी आहेत हे विसरतो. गणपती वाजतगाजत येतो तेव्हा वाजतात ती वाद्ये, आणि गाजतो तो सगळा रस्ता. वाजणे वस्तूचे असते, गाजणे जागेचे असते. सभा गाजते, मैदान गाजते. या न्यायाने ‘गिटारची गाज’ म्हणण्याऐवजी गिटारने खोली गाजते असे म्हणावे लागेल, आणि मला वाटते अनाहत यांना म्हणायचे आहे तेही हेच आहे.

सुरूचे बन

व्युत्पत्ती मान्य केली तरी वापर बदलत नाही. ‘गर्जना’ आणि ‘गाज’ हे एकाच मुळाचे असूनही आज कोणी एकाच्या जागी दुसरा वापरत नाही. गर्जनेला सुरुवात असते आणि शेवट असतो, गाजेला दोन्ही नसतात.

मिरजकर

समुद्र आणि मेघ दोन्ही बाजूला ठेवून वाद्याकडे येऊ या, कारण वाद्यासाठी आपल्याकडे शब्द तयार आहे. तो शब्द म्हणजे ‘जवारी’. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसीने घासून अशा उताराचा करतात की तार तिला एका बिंदूत न टेकता हलकेच चाटत राहते. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. तो केसभर पुढे-मागे झाला की आधी मुका असलेला आवाज एकदम खुलतो, आणि एकाच तारेतून तिचे वरचे स्वयंभू स्वर एकामागून एक ऐकू येऊ लागतात. मिरजेत सतारमेकर मंडळींच्या दुकानात हे काम चाललेले मी लहानपणापासून पाहत आलो आहे. डोळ्यांचे तिथे फारसे काम नसते, कारागीर मान कलती करून फक्त ऐकत असतो.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरमध्ये मुद्दाम फाडतात तेव्हाही मूळ सुरावर वरचे स्वर चढतात. साधन वेगळे असले तरी कानाला मिळणारी गोष्ट त्याच जातीची आहे. हे नाते ओढूनताणून लावलेले नाही. ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकन प्रयोगशील संगीतकार 1970 पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकले, आणि तंबोरा हा त्या शिक्षणाचा गाभा होता. 1960च्या दशकात यंगच्या वादकमेळ्यात जॉन केल वाजवत असे. सतत धरून ठेवलेला सूर त्याने तिथून व्हायोलाद्वारे व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडमध्ये नेला, आणि तिथून पुढे तो रॉकमध्ये कुठे कुठे गेला हे येथील वाचकांना मी सांगायला नको. ‘लव्हलेस’ची जवारी चढी आहे, ‘सुव्लाकी’ची उतरलेली आहे, असे सरळ म्हणावे.

अनाहत

मिरजकर, ‘जवारी’ सुंदर आहे आणि मी तो वापरणारच आहे. पण जवारी हा सुराचा पोत झाला. मला त्या पोताने भरलेल्या अवकाशासाठी शब्द हवा आहे.

मांडवीकाठ

मग ‘घुमणे’ का नको? गोव्यात आमच्याकडे घुमट हे वाद्य आहे, मातीच्या घड्याचे. त्याच्या एका तोंडाला कातडे असते आणि दुसरे तोंड वादक डाव्या तळहाताने उघडझाप करत राहतो, त्यामुळे आवाज आतल्या आत फिरून बाहेर पडतो. 2019 मध्ये राज्याने त्याला वारसा-वाद्याचा दर्जा दिला. ‘घुमट’ हे नाव ‘घुमणे’वरून आले असे माझे ठाम मत आहे, आणि देवळाचा घुमटही त्याच कुळातला. ‘लव्हलेस’ घुमतो. यात अंतराचा प्रश्न उद्भवत नाही.

शब्दवेध

देवळाचा घुमट फारसी ‘गुंबद’वरून आलेला आहे. वाद्याविषयी मी सध्या काही म्हणत नाही.

पंचगंगा

आमच्या भागात ‘घुमतो’ म्हटले की अंगात आलेला माणूसच डोळ्यांसमोर येतो. हलगी वाढत जाते आणि भगत घुमू लागतो. माझ्या मते हा अर्थ या संगीताला बाधक नसून उपकारकच आहे, कारण मोठ्या आवाजात ‘लव्हलेस’ ऐकल्यावर शरीर आपोआप झुलू लागते. परंतु हर्णैच्या आजींच्या माजघराइतकाच हा अर्थही एका प्रदेशाचा आहे, हे ध्यानात ठेवावे.

स्वभाषाव्रती

एका शब्दासाठी इतका ऊहापोह होतो आहे, आणि ‘ॲम्बियंट’ (भोवताली पसरून राहणारे संगीत), ‘शूगेझ’ (‘लव्हलेस’सारखे गिटारच्या दाट आवाजाचे रॉक), ‘ड्रोन’ (सतत धरून ठेवलेला सूर), ‘अल्बम’ हे शब्द मात्र सर्वांनी बिनविरोध स्वीकारले आहेत, याचा मला खेद वाटतो. ‘ड्रोन’ तर आज गावोगावी फवारणीच्या यंत्राचे नाव झाले आहे. सनईच्या साथीदाराला आपण ‘सूर धरणारा’ म्हणतो, मग ‘धरलेला सूर’ किंवा ‘धरसूर’ म्हणायला काय हरकत आहे?

जपान्यांनी ॲम्बियंटला ‘कांक्यो ओंगाकु’ असे आपल्या भाषेतले नाव दिले, म्हणजे सरळ ‘परिसर-संगीत’. हिरोशी योशिमुरा यांचा ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’ (1982) मी अतिशय प्रेमाने ऐकतो आणि त्या नावामुळे तो मला अधिक कळला. सावरकरांनी ‘दिग्दर्शक’ आणि ‘महापौर’ दिले तेव्हाही लोकांना ते शब्द जड वाटले होते. आज ते कोणाला टोचत नाहीत.

पेटीवाले

शब्द टिकतो तो वस्तू हाताळणाऱ्यांमुळे. हार्मोनियमला विद्वानांनी ‘संवादिनी’ म्हटले, तो शब्द निमंत्रणपत्रिकेवर शोभतो. भजनीमंडळ ‘पेटी’च म्हणते. व्हायोलिन मात्र व्हायोलिनच राहिले आणि त्यामुळे मराठी संगीताचे काहीही बिघडले नाही. जपानी शब्दालाही जपानी वस्तूंचा आधार होता. योशिमुरांचा तो अल्बम टोकियोच्या हारा संग्रहालयाशी जोडलेला आहे, आणि हारुओमी होसोनो यांनी 1984 मध्ये मुजीच्या दुकानासाठी संगीत केले. लोक त्या इमारतींत वावरत होते, म्हणून ‘परिसर’ हा शब्द त्यांना पोकळ वाटला नाही. आपल्याकडे ‘परिसर’ म्हटले की प्राथमिक शाळेतला परिसर अभ्यास आठवतो.

‘शूगेझ’ हे तर ब्रिटिश संगीतपत्रांनी हिणवण्यासाठी दिलेले नाव आहे. वादक गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाशी मांडलेल्या पेडलांकडे बघत वाजवत, म्हणून ते पडले. त्याचे ‘अधोदृष्टी संगीत’ केले तर हिणकसपणाही जातो आणि पेडलही जातात.

स्वभाषाव्रती

‘परिसर’ नको असेल तर ‘आसमंत’ घ्यावा. पुष्कळांना तो ‘आसमान’चा भाऊबंद वाटतो, पण तो संस्कृत ‘समन्त’वरून आला आहे, त्याचा अर्थ चहूबाजूंचा प्रदेश. ‘ॲम्बियंट’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही ‘भोवती फिरणे’ असाच आहे. इतका तंतोतंत जुळणारा शब्द घरात असताना तो आपण का वापरू नये?

अनाहत

‘आसमंत’ मला मनापासून आवडला. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोच्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ (1978) ला तो चपखल बसतो. त्यातल्या दुसऱ्या तुकड्यात नुसते गायलेले सूर आहेत, प्रत्येक सूर गोल फिरत राहणाऱ्या, वेगळ्या लांबीच्या टेपवर. एक साधारण साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा सव्वीसच्या आसपास, तिसरा तिसाच्या आसपास, त्यामुळे त्यांची गाठ सहसा पूर्वीसारखी पडत नाही. लक्ष दिले तर ऐकण्यासारखे आणि न दिले तरी चालण्यासारखे संगीत हवे, अशी ईनोची अपेक्षा होती. माझ्या मते या अल्बमने ती सर्वांत प्रामाणिकपणे पुरी केली. त्यानंतरचे कितीतरी ॲम्बियंट अल्बम केवळ मऊ आहेत, आणि मऊपणालाच आसमंत समजण्याची चूक त्यांत सर्रास आढळते. अमेरिकन संगीतकार विल्यम बसिन्स्कीचे ‘डिसइंटिग्रेशन लूप्स’ मात्र मी वेगळे काढीन, कारण 2001 मध्ये जुनी टेप संगणकावर उतरवताना तिच्यावरचे चुंबकीय द्रव्य गळत गेले आणि तेच संगीत झाले. तिथे झीज प्रत्यक्ष ऐकू येते.

माझा मूळ प्रश्न मात्र तसाच आहे. अंक छपाईला जायचा आहे.

सुरूचे बन

ईनोच्या त्या तुकड्यात गाज नाही, हे आपल्याला मान्य व्हावे. प्रत्येक सूर वेगळा ओळखू येतो आणि त्यांच्या मधली शांतताही ऐकू येते. बसिन्स्कीत आहे, कारण ते सगळे दूर जात असते. ‘लव्हलेस’साठी ‘गाज’ला माझा विरोध कायम आहे.

शब्दवेध

आपण अंतराचा नियम केला तो आपल्या घराच्या अनुभवावरून. मुंबईत रुळांलगतच्या चाळीत वाढलेला माझा मामा लोकलच्या आवाजाला ‘गाज’ म्हणत असे, आणि त्याच्या खिडकीपासून रूळ पाच पावलांवर होते.

सुरूचे बन

आपले मामा मूळचे कुठले, हे कळल्याशिवाय हे उदाहरण मला ग्राह्य धरता येत नाही.