समोरचा सगळंच परत मारतो तेव्हा... (अनुभव धागा)

बॅडमिंटनचे सिंगल्स खेळणाऱ्यांनो, तुमच्या हॉलमध्येही असा एक जण असेलच. स्वतः फार मारत नाही, पण तुमचा प्रत्येक स्मॅश (वरून खाली जोरात मारलेला फटका) निवांतपणे मागच्या रेषेपर्यंत उचलून देतो. पंधरा-सोळापर्यंत बरोबरी राहते, मग आपले पाय जड होतात आणि फूल (शटल) नेटमध्ये जायला लागतं. अशा भिंतीला तुम्ही कसं हरवलंत ते सविस्तर लिहा. यूट्यूबच्या लिंका नकोत, त्या सगळ्यांच्या बघून झाल्यात.

डावखुरी:
रेषांवर मारणं सोडा, अंगावर मारा. आमच्या गटातले एक दादा (उजव्या हाताने खेळतात) बचावाला उभे राहिले की रॅकेट बॅकहँड पकडीत (हाताची मागची बाजू पुढे करून) पोटासमोर धरतात. डावीकडचं, पोटावरचं सगळं त्यातून आरामात निघतं. पण उजव्या कमरेपासून काखेपर्यंतच्या पट्ट्यात फूल आलं की त्यांचं कोपर त्यांच्याच अंगाला अडतं. तिथे पूर्ण ताकद लागतच नाही, पाऊण स्मॅश पुरतो. मग परतीचं फूल उंच न जाता नेटवर तरंगत येतं, आणि तेव्हा आपण पुढे पोचलेलं असायला हवं. स्मॅश मारून जागेवरच कौतुकाने बघत राहणाऱ्यांना याचा उपयोग नाही.

धागाकर्ता:
पुढे धावलो आणि त्याने नेमकं मागे उचललं तर?

डावखुरी:
तर एक ड्रॉप टाका, म्हणजे फूल हळूच नेटलगत सोडा, आणि दम घ्या. लागोपाठ स्मॅश मारायला कोणी सांगितलंय?

साठीचा डबल्सवाला:
आम्ही दोघांच्या मधोमध हाफ स्मॅश मारतो. समोर नवरा-बायकोची जोडी असेल तर हमखास गुण. फूल पडतं आणि दोघंही म्हणतात, "तुझं होतं!"

टीव्हीसमोरचा:
माझा अनुभव प्रेक्षकाचा, चालेल ना? २०१७ ची ग्लासगोची वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनल, सिंधू विरुद्ध जपानची ओकुहारा. १९-२१, २२-२०, २०-२२. तब्बल ११० मिनिटं! दुसरा गेम संपला तोच ७३ फटक्यांच्या रॅलीवर. तो गेम सिंधूचा, पण फायनल गेली. मग २०१९ मध्ये बासेलला हीच फायनल: २१-७, २१-७, अवघी ३८ मिनिटं. ओकुहाराचा बचाव काही दोन वर्षांत आटला नव्हता. सिंधूने रॅली लांबूच दिली नाही. फूल वरच्या वर, लवकर घेत होती, त्यामुळे ओकुहाराला सावरून उभं राहायलाच फुरसत मिळेना. मी तेव्हापासून मागच्या कोपऱ्यात फूल खाली येईपर्यंत थांबत नाही.

बुटका बंडू:
हे सगळं ठीक, पण सिंधूची पाच फूट दहा इंच उंची आम्ही कुठून आणायची? माझा मार्ग उलटा आहे. त्यालाच मारायला लावायचं. उंच, थेट मागच्या रेषेवर पडणारे टॉस देत राहायचं. बचाववाल्यांना बहुधा स्वतःहून गुण काढायची सवय नसते. थोड्या वेळाने ते कंटाळून स्मॅश मारतात आणि फूल बाहेर जातं. बघणाऱ्यांना जांभया येतात, त्याला आपला नाइलाज.

सोसायटीच्या पार्किंगमधून:
नायलॉनच्या शटलने खेळत असाल तर ड्रॉपवर फार भिस्त ठेवू नका. पिसांच्या फुलासारखं ते नेट ओलांडून चटकन खाली येत नाही, समोरच्याला पोचायला वेळ मिळतो. आमच्याकडे अंगावरचा स्मॅशच चालतो. वारा असेल तर तोही नाही.

परत पाठवणारी:
तुम्ही सगळे जिच्याबद्दल बोलताय ती मी. खरं सांगू? जोरात मारणारे आम्हाला आवडतात. तुमचाच वेग वापरायचा, नुसती रॅकेट लावली तरी फूल मागे जातं. त्रास देतो तो खांदा, उडी, हात सगळं स्मॅशचं करून शेवटी फूल नेटलगत सोडणारा. त्यातही ते उजव्या पुढच्या कोपऱ्यात पडलं तर वैतागच, कारण मी बॅकहँड पकडीत उभी असते. पकड बदलून, वाकून तिथे पोचेपर्यंत फूल गुडघ्याखाली गेलेलं असतं, मग वर उचलण्यावाचून गत्यंतर नाही. आणि माझं ते उचललेलं फूल अर्ध्या कोर्टातच पडतं.

डावखुरीताई, ती काखेची जागा मात्र आमच्या गटात कोणाला सांगू नका हं!