मदत हवी आहे: गांजा, प्रतिकारशक्ती आणि हिरड्यांचा आजार
नागपुरात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला (वय 34) पायोरिया आहे. त्याला मधुमेह नाही, तंबाखू किंवा खर्ऱ्याची सवय नाही. मात्र आठ वर्षे तो रोज गांजा ओढत असे, आणि हे दंतवैद्यांना सांगितलेले आहे. दोनदा खोल सफाई करूनही दाढांजवळच्या हिरड्यांतील खळगे 6 मिलिमीटरच आहेत.

न्यूझीलंडमधील डनेडिनच्या 2008 सालच्या अभ्यासात तंबाखूचा परिणाम वगळूनही गांजा ओढणाऱ्यांत हा आजार अधिक आढळला होता, आणि पेशींवरील प्रयोगांत गांजातील घटक जंतूंविरुद्धची दाहप्रतिक्रिया दाबतात असे दिसले आहे. त्यामुळे सूज कमी दिसत असतानाही आतून हाड झिजत असेल का, ही माझी खरी काळजी आहे.

गांजा सोडून दोन महिने झाले असून पुढील महिन्यात हिरड्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे. प्रतिकारशक्ती पूर्ववत होण्यास साधारण किती काळ लागतो, आणि तोवर शस्त्रक्रिया पुढे ढकलणे योग्य ठरेल का?