ताण, ओढ की प्रतिबल?

प्रश्न : पेशी एकमेकींना खेचून ऊतक (पेशींचा सांधलेला समूह, टिश्यू) कसं घडवतात, यावर मालवणकडच्या शाळांसाठी मजकूर लिहायचा आहे. टेन्शन, स्ट्रेस, स्टिफनेस, तिन्हींना 'ताण'च सुचतो. काय वापरावं?

उत्तर १ : रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, डोळ्यांपुढे आणा. माणसं लावतात ती ओढ. दोरात उभा राहतो तो ताण (टेन्शन). ताणाला दोराच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागलं की प्रतिबल (स्ट्रेस), एकक पास्कल. 10 मीटरचा दोर 10 सेंटीमीटर लांबला तर लांबणी भागिले मूळ लांबी 0.01, पुस्तकं याला 'विकृती' म्हणतात. इथे तो शब्द टाळाच! 'ऊतकातील विकृती' वाचून वाचक थेट रोगाकडे जातो. 'लांबणीचं प्रमाण' लिहा. नुसता 'पेशींवरचा ताण'ही नको, त्यातून उपासमार नाहीतर उष्णता असा अर्थ निघतो.

पेशीला 'ओढ'च शोभते, कारण बल आतून येतं. पेशीतलं मायोसिन हे प्रथिन ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे तंतू खेचतं. ती ओढ कॅडहेरिन या जोडणाऱ्या प्रथिनामार्फत शेजारणीला आणि इंटेग्रिन या दुसऱ्यामार्फत खालच्या आधाराला पोचते.

उत्तर २ : 'पाण्याला ओढ आहे' हे किनाऱ्यावरची पोरं रोज ऐकतात, त्यामुळे शब्द चालेल. स्टिफनेसला मात्र 'कडकपणा' नको. कडकपणा म्हणजे ओरखडा किंवा खड्डा न पडणं. वाकायला-ताणायला नकार तो ताठरपणा. फरक किरकोळ नाही. 2006 मध्ये एंगलर, डिशर आणि सहकारी संशोधकांनी एकाच प्रकारच्या मूलपेशी (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा) वेगवेगळ्या ताठरपणाच्या जेलवर वाढवल्या. 0.1 ते 1 किलोपास्कलवर त्या चेतापेशींसारख्या, 8 ते 17 वर स्नायूंसारख्या, 25 ते 40 वर हाडाच्या पेशींसारख्या होऊ लागल्या. पेशी वाढवायच्या नेहमीच्या प्लास्टिकच्या बशीचा ताठरपणा गिगापास्कलमध्ये (1 गिगापास्कल = 10 लाख किलोपास्कल) मोजतात, म्हणजे ती कुठल्याही मऊ ऊतकापेक्षा हजारो पट ताठर.

प्रयोग दाखवणार असाल तर दोन गोष्टी. ॲक्रिलामाइडच्या जेलला पेशी आपणहून चिकटत नाहीत, वर कोलॅजन हे प्रथिन रासायनिक बंधाने बसवावं लागतं. आणि जेलचा थर काही मायक्रॉनच (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) राहिला तर पेशीला खालची काच जाणवते. मऊ जेलवरही ती ताठर जागेसारखी पसरते आणि निकाल उलटा दिसतो.

उत्तर ३ : 'ऊत' म्हणजे विणलेलं, 'ओतप्रोत'मधला 'ओत' त्याच घरचा. म्हणून जाळ्याची उपमा ऊतकाला जवळची. ओढ लागली की जाळ्याचे डोळे ओढीच्या दिशेने लांबट होतात. ताणलेल्या थरातल्या पेशीही बऱ्याचदा तशाच लांबतात. पण उपमा इथवरच. जाळ्याच्या गाठी पक्क्या असतात. फळमाशीच्या भ्रूणातला पेशींचा पट्टा (जर्म बँड) सुमारे अडीचपट लांबतो तो मुख्यतः पेशी शेजारणी बदलतात म्हणून: दोन पेशींमधली एक कड आखडून नाहीशी होते, तिच्या काटकोनात नवी उघडते. गाठी सुटतात, नव्या पडतात, आणि जाळं फाटत नाही.