जनांतिक म्हणजे चारचौघांत नव्हे हो!

जनांतिक हा नाटकातला शब्द, त्याचा अर्थ 'लोकांमध्ये, जाहीरपणे' असा कुणी लावला तर तो अगदी उलटा होतो. 'जन' दिसला की घोटाळा होतोच, मीपण कॉलेजात असंच वापरायचो. मूळ संस्कृत 'जनान्तिकम्', अंतिक म्हणजे जवळ, म्हणजे एखाद्याच्या जवळ जाऊन बोलणं. रंगमंचावर बाकीची पात्रं उभी असताना दोघंच आपसात बोलतात, बाकीच्यांना ऐकू आलं नाही असं मानायचं, आणि प्रेक्षकांना मात्र शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं, ती गंमत. त्याला हाताची खूणपण ठरलेली, त्रिपताका, अनामिका दुमडायची, बाकीची बोटं सरळ, आणि तो हात मधे आडोशासारखा धरायचा.

स्वगत वेगळं बरं का, ते स्वतःशीच. इथं ऐकणारा एक तरी लागतोच.

आमच्या सांगलीत १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं म्हणून आम्ही नाटकाचा टेंभा मिरवतो, पण हा शब्द रोजच्या बोलण्यात कोण वापरतंय? प्रकार मात्र घरोघरी चालू. परवा लग्नात पंगतीला आमची आत्या पदर तोंडाला लावून मला म्हणाली, 'बासुंदीत पाणी घातलंय रे', आणि वाढपी तिथंच वाकून वाढतोय! त्यानं ऐकलं, हसला, आणि तिला अजून एक वाटी वाढली.

तर वाक्यात 'तो तिला जनांतिक म्हणाला' असं सरळ लिहा, 'जनांतिकपणे' नको, उगाच शेपूट लागतं.