मदत हवी आहे: पदवीच्या पार्टीचं निमंत्रण – मजकूर, संख्या, वेळ

बहिणीची शेवटच्या सत्राची परीक्षा झाली आहे, निकाल महिन्याभरात लागेल. सात आठवड्यांनी पार्टी ठेवतोय. यादीत १२० नावं आहेत, हॉलमध्ये जागा ८० जणांची. पत्रिका किती छापायच्या आणि कधी पाठवायच्या? आई-बाबांच्या नावाने केलेला मजकूर असा: ‘आमच्या कन्येने पदवी संपादन केल्याप्रीत्यर्थ आयोजित पदवीदान सोहळ्यास आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.’ बरोबर आहे का?

प्रतिसाद १

‘पदवीदान सोहळा’ आधी काढा. तो विद्यापीठाचा असतो. हे वाचून लोक विचारतील, पास कुठे मिळणार? ‘संपादन केल्याप्रीत्यर्थ’ही नको, निकाल यायचाय. ‘शिक्षण पूर्ण होत आहे’ हे आजही खरं आहे. असं करून बघा:

‘सस्नेह नमस्कार. आमच्या (नाव) हिचं पदवीचं शिक्षण पूर्ण होत आहे. या आनंदात तुम्ही सोबत असावं, अशी मनापासून इच्छा आहे.
(वार, तारीख), संध्याकाळी ६ ते ९
(हॉल, मजला, जवळची खूण)
तुमच्यासाठी ___ जागा ठेवल्या आहेत. किती जण येताय ते (तारीख)पर्यंत (नंबर) इथे कळवा.’

मोकळ्या जागेत आकडा हाताने लिहा. ‘सहकुटुंब या’ लिहिलंत की घरी आलेले पाहुणेही त्यात धरले जातात, आणि त्यात त्यांची चूक नसते. नुसतं ‘६ वाजता’ही लिहू नका. संपायची वेळ दिली नाही, तर उशिरा येणाऱ्याला आपण उशिरा आलोय हे कळतच नाही.

प्रतिसाद २

पत्रिका माणशी नाही, घरटी मोजा. समजा ४५ घरं निघाली, तर ५५ छापा. नाव चुकतं, पाकीट फाटतं, एखादं घर ऐनवेळी आठवतं. दहासाठी पुन्हा छापायला टाकणं परवडत नाही.

१२० जणांना बोलावून ‘चाळीस येणारच नाहीत’ हा हिशेब मात्र करू नका. एकतर यादी कमी करा, नाहीतर ‘४ ते ८ मध्ये केव्हाही या’ असं ठेवा. दुसरा मार्ग उभ्याने खाणं-पिणं असेल आणि ठरलेल्या वेळेचं भाषण नसेल तरच जमतो. भाषण ६ वाजता ठेवलंत की सगळे ६ लाच येतात.

मजकूर याच आठवड्यात पक्का करा. पार्टीआधी चार आठवडे पत्रिका हातात पडाव्यात. कळवायची मुदत दहा दिवस आधीची, पुढचे दोन दिवस फोन करण्यासाठी. सगळे आपणहून कळवत नाहीत, तेव्हा फोन धरूनच चाला.

प्रतिसाद ३

छपाईचं सांगतो. ए६ आकार (१०५ × १४८ मिमी) पुरतो, तो सी६ पाकिटात न दुमडता बसतो. चारही बाजूंनी ३ मिमी जास्तीची रंगपट्टी सोडा, नाहीतर कापताना कडेला पांढरी रेघ राहते. चित्र ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) हवं.

जपायचं ते देवनागरीला. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि फॉन्ट बदलला, की ‘निमंत्रण’मधली वेलांटी न च्या पुढे सरकते आणि ‘त्र’ फुटून ‘त्’ आणि ‘र’ वेगळे दिसतात. म्हणून अक्षरं आउटलाइन करून (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्यांत बदलून) पीडीएफ द्या आणि छापलेला नमुना हातात घेऊनच होकार द्या. वार आणि तारीख जुळते का, हे कॅलेंडर समोर ठेवून दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

प्रश्नकर्ता

खूप आभार, मजकूर बदलतोय. लांबच्या वीस घरांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर चालेल ना?

प्रतिसाद १

चालेल. चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरं धूसर होतात. खाली वार, वेळ, पत्ता टाइप करा. चित्रातला मजकूर नंतर शोधून सापडत नाही. ब्रॉडकास्ट यादी (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) वापरणार असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोचतच नाही. वीसच घरं आहेत, नाव घालून एकेकाला पाठवा. जागांचा आकडाही तिथेच लिहा.