मदत हवी: एकाच सोर्सचं वस्तुमान दोन रीतींनी वेगळं येतंय, धरू कुठलं?

अर्धीचकती: लवकर सांगा कुणीतरी, गाईडला आकडा द्यायचाय. अल्ट्राल्युमिनस सोर्स आहे (दुसऱ्या गॅलेक्सीतला, एक्स-रेत प्रचंड चमकणारा), स्पेक्ट्रमला थंड डिस्क (विवराभोवती फिरणाऱ्या वायूची चकती) अधिक पॉवर लॉ (ऊर्जा वाढेल तसा उतरत जाणारा घटक) लावला तर झकास बसतंय, डिस्कचं तापमान ०.२ केईव्ही (ऊर्जेचं एकक), डिस्क जितकी थंड तितकं विवर जड, त्यावरून वस्तुमान काही हजार सूर्य म्हणजे सरळ मध्यम वजनाचं कृष्णविवर! पण एडिंग्टन मर्यादेवरून (ठरावीक वस्तुमानाला जास्तीत जास्त किती चमकता येतं ती सीमा) काढलं तर जेमतेम ६०. खरं कुठलं?

खडूस_फोटॉन: दुर्बीण कुठली? काउंट, म्हणजे मोजलेले फोटॉन, किती? तेजस्विता? गॅलेक्सी कसली? आम्ही काय ज्योतिषी आहोत का.

अर्धीचकती: एक्सएमएम-न्यूटन, अजून कुठली असणार. तेजस्विता ८ × १०³⁹ अर्ग प्रति सेकंद. काउंट भरपूर आहेत.

खडूस_फोटॉन: "भरपूर" हा आकडा नसतो रे. आणि ते ६० म्हणजे वस्तुमान नाही, एडिंग्टन पाळला आणि प्रकाश सगळीकडे सारखा फेकला तर किमान इतकं लागेल, एवढंच. एम८२ गॅलेक्सीतला एक्स-२ सोर्स बघ, २०१४ मध्ये नुस्टार या एक्स-रे दुर्बिणीला त्यात १.३७ सेकंदांचे स्पंद सापडले, म्हणजे तो न्यूट्रॉन तारा निघाला, मर्यादेच्या शंभरेक पट चमकणारा. तुझा सोर्स तर त्याच्याहून मंद आहे. आधी एक्सएमएमच्या पीएन डिटेक्टरच्या डेटात स्पंद शोध, फुल फ्रेमला ७३ मिलिसेकंदांचं वेळेचं रिझोल्यूशन मिळतं. तिचाच दुसरा डिटेक्टर मॉस वापरू नकोस, त्याची फ्रेम २.६ सेकंदांची.

निवांत_निरीक्षक: हे ८ इंची डॉबसोनियन दुर्बिणीतून दिसेल का? घ्यायचा विचार चाललाय.

चंद्राभक्त: @निवांत एक्स-रे हवेतच शोषले जातात, म्हणून तर दुर्बिणी वर पाठवतात. दुसरा धागा काढा ना.
@अर्धी, चंद्रा एक्स-रे दुर्बिणीची इमेज पाहिलीस का? एम८२ मध्ये एक्स-१ आणि एक्स-२ फक्त ५ आर्कसेकंदांवर आहेत, एक्सएमएमला दोघं मिळून एकच ठिपका दिसतो. चंद्रा अर्ध्या आर्कसेकंदापर्यंत वेगळं दाखवते. चंद्राशिवाय वस्तुमानावर बोलूच नये असं माझं मत.

खडूस_फोटॉन: आणि पाइल-अप कोण निस्तरणार? चंद्रा दुर्बिणीच्या एसिस कॅमेऱ्याची फ्रेम ३.२ सेकंदांची, तेवढ्यात दोन फोटॉन एकाच जागी पडले की एकच जास्त ऊर्जेचा म्हणून मोजला जातो, स्पेक्ट्रम उगाच हार्ड दिसतो.

चंद्राभक्त: सबअॅरे नावाची गोष्ट असते, कॅमेऱ्याचा थोडाच भाग वाचून फ्रेम छोटी करता येते.

खडूस_फोटॉन: निरीक्षण आधीच झालंय हो, आता कुठून सबअॅरे लावणार.

लहरी_लायगो: एक्स-रेत अडकता कशाला, जीडब्ल्यू१९०५२१ या गुरुत्वीय लहरींच्या घटनेत दोन कृष्णविवरं विलीन होऊन १४२ सूर्यांचं विवर बनलं, थेट मोजमाप.

चंद्राभक्त: १४२ आणि याचे हजारो, काय संबंध? एचएलएक्स-१ चं नाव घ्या, मध्यम वजनाच्या विवराचा तगडा दावेदार, १०⁴² अर्ग प्रति सेकंदपर्यंत जातं आणि अधूनमधून भडकतं. तसलं काही असेल तर मी मानेन.

ताईसाहेब_तरंग: मुद्द्याचं विचारते, स्पेक्ट्रमसाठी इमेजमध्ये सोर्सभोवती वर्तुळ केवढं घेतलंस? गॅलेक्सीत तारे जन्मत असतील तर गरम वायू पसरलेला असतो, तो १ केईव्हीच्या खाली थेट थंड डिस्कसारखा दिसतो. शिवाय शोषणाचा कॉलम (वाटेतला शोषणारा वायू किती ते) मोकळा सोडलास की फिट शोषण आणि डिस्क दोन्ही एकदम वाढवतं, डिस्कचा नॉर्म (त्या घटकाचं प्रमाण) फुगतो, त्यातून त्रिज्या, त्रिज्येतून वस्तुमान.

अर्धीचकती: ३० आर्कसेकंद घेतलंय, सगळे तेवढंच घेतात. हो, गॅलेक्सीत तारे जन्मतायत, पण त्याचा काय संबंध?

ताईसाहेब_तरंग: तोच संबंध सांगतेय की. वर्तुळ लहान कर, बॅकग्राउंड गॅलेक्सीतूनच घे, वायूचा एक थर्मल घटक जोड आणि मग डिस्क खरंच लागते का बघ. ५ केईव्हीच्या वर स्पेक्ट्रम खाली वाकतोय का तेही बघ. वाकत असेल तर ही एडिंग्टनपलीकडची अवस्था असू शकते, मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचा, भाग विवराजवळून सुटणाऱ्या जोरदार वाऱ्याचा, मग त्या ०.२ वरून वस्तुमान काढताच येत नाही.

अर्धीचकती: वायू जोडला तर डिस्कचा नॉर्म शून्याला टेकतोय. आणि वर वाकतोय थोडासा. आता गाईडला कुठला आकडा देऊ??

खडूस_फोटॉन: एरर बार किती ते अजून सांगितलंच नाहीस.

निवांत_निरीक्षक: मग ८ इंचीच घेऊ ना?