घरी ऑइल बदलणाऱ्यांना ‘कंजूष’ म्हणणाऱ्यांसाठी

पाथर्डी फाटा

काल इथे एकाने लिहिलं होतं : “चार पैसे वाचवायला पार्किंगमध्ये गाडीखाली लोळणारे लोक इंजिनची वाट लावतात, वॉरंटी घालवतात आणि सोसायटी घाण करतात. ज्याचं काम त्यानेच करावं.” खाली अंगठ्यांची रांग. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते इतकं वाढलं की वेगळा धागा काढतोय.

पैसे वाचतात हे खरं, पण मी पैशांसाठी हे करत नाही. गाडीत नवं ऑइल गेलं की नाही, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं असतं. आधीची गाडी मी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला देत होतो. एकदा घरी आणल्यावर इंजिनातलं ऑइल बघायची काडी ओढून पाहिली तर ऑइल काळंकुट्ट, आणि फिल्टरवर जुनी धूळ तशीच. बिलात मात्र ऑइल, फिल्टर, वायसर आणि वर इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. फोन केला तर म्हणे, सर, ऑइल लगेच काळं होतंच. डिझेलमध्ये होतं, मान्य. माझी गाडी पेट्रोल होती.

आणि काम तरी काय आहे? इंजिन थोडा वेळ चालवून कोमट करायचं. चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा नट खोलायचा, ऑइल थेंब-थेंब येईपर्यंत थांबायचं. फिल्टर काढला की जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना, ते बोट फिरवून बघायचं. नव्याच्या रबराला ऑइलचं बोट लावायचं आणि फिल्टर हाताने आवळायचा. नटाला नवा वायसर. मॅन्युअलमध्ये फिल्टरसकट किती लिटर ते दिलेलं असतं, त्याच्यापेक्षा जरा कमी ओतायचं, इंजिन सुरू करून डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझला आणि खाली गळती नाही हे पाहिलं की बंद करायचं, थोडं थांबून काडी बघायची आणि उरलेलं हळूहळू वरच्या खुणेपर्यंत न्यायचं. स्वयंपाकघरात कुकरचं रबर बदलणाऱ्या माणसाला एवढं जमतं.

राहिली वॉरंटी. 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला. त्याच आदेशात म्हटलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. हे कुठल्या शोरूममध्ये तुम्हाला सांगितलं?

सर्व्हिस बे

मी याच धंद्यात आहे, ते लपवत नाही. तुमच्यावर अन्याय झाला असेल, पण एका सेंटरवरून सगळ्यांना चोर ठरवू नका.

तो आदेश मलाही माहीत आहे. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, हेही लिहायला हवं होतं. आणि कागदावर काहीही असो, इंजिन जॅम झालं की पहिला प्रश्न येतो, ऑइल कधी बदललं, कोणतं घातलं. तुमच्याकडे उत्तर असेल, बहुतेकांकडे नसतं. ऑइल ऑनलाइन घेतलेलं, बिल सापडत नाही, किलोमीटरची नोंद नाही. मग ग्राहक आमच्या टेबलावर हात आपटतो.

आमच्याकडे काय येतं ते सांगतो. चेंबरचे आटे गेलेल्या गाड्या. जुन्या रबरावर नवं रबर बसवून हायवेला सगळं ऑइल सांडलेली गाडी. वरच्या खुणेच्या बोटभर वर ऑइल भरलेली गाडी. क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरणारा दांडा, त्यात घुसळतो, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे 2020 नंतरची, प्रदूषणाच्या बीएस सहा नियमांतली डिझेल गाडी, जिच्यात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे, तिच्यात कुणीतरी स्वस्त मिळालं म्हणून साधं डिझेल ऑइल ओततो. त्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. चुकीचं घातलं तर राख डीपीएफमध्ये साठत जाते, आणि नव्या डीपीएफचा आकडा ऐकून माणसं खुर्चीत बसतात.

आणि एक. सर्व्हिस बेमध्ये काम करणाऱ्या पोरांबद्दल कुणीच बोलत नाही. आयटीआय करून आलेली पोरं, दिवसाला गाड्यांचं टार्गेट, पगार सांगायला लाज वाटेल असा. त्यांच्याकडून तुम्ही घड्याळजीची निगुती मागता. ती हवी असेल तर लेबर चार्जवर घासाघीस थांबवा.

सातपूर टूलरूम (निवृत्त)

साहेब, पोरांच्या पगाराचं तुम्ही बरोबर बोललात. पण तो लेबर चार्ज त्या पोराच्या हातात पडत नाही हेही बोला. तो शोरूमच्या काचेत जातो.

आट्यांचा विषय निघालाय म्हणून सांगतो, माझी अख्खी नोकरी आट्यांत गेली. ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये पोलादी बोल्ट असला की दोष हात वापरणाऱ्याचा नसतो, घाईचा असतो. मी माझ्या पुतण्याबरोबर एका मोठ्या सेंटरला उभा होतो. पोराने चेंबरचा नट हाताने दोन आटेसुद्धा न धरता थेट हवेच्या गनने बसवला. टर्रर्र आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा आला. पुढच्या वेळी तो नट निघाला तो आट्यांचा भुगा घेऊन. मग त्यांनीच सांगितलं, चेंबर बदलावा लागेल. घरी करणारा माणूस नट आधी बोटांनी बसवतो, कारण त्याच्याकडे गन नसतेच. टॉर्कचा पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा, विकत घ्या, मॅन्युअलमधला आकडा लावा, विषय संपला.

या आपल्या नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लोक मायक्रॉनमध्ये काम करतात. इंजेक्टर इथे बनतात, स्कॉर्पिओ इथे बनते. त्याच गावातल्या माणसाला तुम्ही सांगता की तुला नट खोलता येणार नाही?

सर्व्हिस बे

काका, मी तुमच्याबद्दल बोलत नव्हतो. गन वापरणं चूक आहे, मान्य करतो. पण गावातला प्रत्येक जण टूलरूममधून निवृत्त झालेला नाही. व्हिडिओ बघून थेट गाडीखाली शिरणारेच जास्त.

सिडकोवाली

गाडीखाली शिरण्याबद्दल कुणी बोलेल म्हणून वाट बघत होते, शेवटी मीच लिहिते. मूळ पोस्टमध्ये सगळं आहे, गाडी वर कशी धरायची ते नाही. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्यावर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जाऊ नये. सपाट फरशी, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे, हँडब्रेक, आणि वजन पेलणाऱ्या लोखंडी घोड्या. आमच्या ओळखीतल्या एकाचा खांदा यात कायमचा गेला. जॅक उतारावर सरकला, एवढंच कारण.

मी माझ्या गाडीचं ऑइल स्वतः बदलते. पहिल्यांदा केलं तेव्हा पार्किंगमध्ये एक जण म्हणाले, मिस्टर घरी नाहीत का. तेच गृहस्थ टायरमधली हवा तपासायला पोराला पंपावर पाठवतात. “ज्याचं काम त्यानेच करावं” या वाक्याचा मला म्हणूनच राग येतो. ते वाक्य कुठे कुठे वापरलं जातं ते आम्हाला विचारा.

नंदिनीकाठ

सगळ्यांचं वाचलं. आटे, टॉर्क, वॉरंटी, घोड्या. एकानेही एक प्रश्न विचारलेला नाही : खाली काढलेलं तीन-साडेतीन लिटर जळकं ऑइल कुठे जातं?

मूळ पोस्टवाल्याने “सोसायटी घाण करतात” हा आरोप वर दिला आणि उत्तरात तोच गाळला. म्हणून मला यावं लागलं.

आमच्या सोसायटीत एका सद्गृहस्थाने ते पावसाळी गटाराच्या जाळीत ओतलं. मी समोर उभा होतो. म्हणे, पावसात वाहून जाईल. कुठे वाहून जाईल? पावसाळी गटार मलशुद्धीकरण केंद्राकडे जात नाही, सरळ नदीकडे जातं. आमच्याकडचं नंदिनीत, नंदिनी टाकळीला गोदावरीत. आणि संडासाच्या लाइनमध्ये ओतलं तरी सुटका नाही, केंद्रात घाण खाणारे जिवाणू असतात, त्यांच्यावर तेलाचा थर गेला की तेच मरतात. वापरलेल्या ऑइलमध्ये नुसतं तेल नसतं. झिजलेल्या धातूंचे कण असतात, जळणातून आलेली कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात. 2016 च्या नियमांत ते घातक कचरा म्हणूनच धरलंय.

2027 च्या सिंहस्थासाठी घाट दुरुस्त करा म्हणून आपण ओरडायचं आणि रविवारी सकाळी हे करायचं?

द्राक्षबाग, निफाड

भाऊ, ऑइल फेकतं कोण? आमच्याकडे जळकं ऑइल मागून नेतात. मांडवाच्या लाकडाला, गोठ्याच्या दाराला लावलं की वाळवी लागत नाही. बांधकामावाले सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात. आमचे वडील तेच करत आले. फुकट वाया जाण्यापेक्षा कामाला येतं.

नंदिनीकाठ

दादा, मांडवाच्या लाकडाला लावलेलं ऑइल पावसात कुठे उतरतं? बागेच्या मातीत. त्याच बागेचा माल तुम्ही निर्यातीला पाठवता तेव्हा औषधांच्या अंशासाठी एकेक नमुना प्रयोगशाळेत जातो. फवारणीला इतकं जपता आणि खांबाला जळकं ऑइल चोपडता, हे मला समजत नाही.

द्राक्षबाग, निफाड

आमच्या बागेला शिकवू नका. शहराचं सगळं गटार नदीतून खाली आमच्याकडेच येतं. नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर पानवेली कुणामुळे वाढतात ते आधी बघा. दाराला पावशेर ऑइल लावणारा शेतकरी दिसतो, आणि एमआयडीसीचे नाले दिसत नाहीत?

नंदिनीकाठ

नाले दिसतात. त्यासाठी तक्रारी करून करून माझी चप्पल झिजली आहे. पण मोठा चोर सुटला म्हणून लहान चोरी माफ होत नाही.

सर्व्हिस बे

इथे तरी आमच्या बाजूने एक शब्द लिहा. आमच्याकडचं जुनं ऑइल ड्रममध्ये जातं, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेला माणूस ते नेतो, त्याची पावती फायलीला लागते. तपासणी येते. घरी करणाऱ्याची तपासणी कोण करतं?

जुने नाशिक

अधिकृत सेंटरचं असेल तसं. मी गॅरेजच्या लाइनमध्येच वाढलो. आमच्या ओळीत ड्रम भरला की जो जास्त भाव देईल त्याला जातो. तो पुढे शुद्ध करतो की कुठल्या भट्टीत जाळतो, कुणी विचारत नाही. जळक्या ऑइलला किंमत आहे, म्हणून ते गटारात जात नाही, एवढंच त्यातलं बरं. तेव्हा “गॅरेजला दिलं म्हणजे पुण्य केलं” असंही समजू नका.

नंदिनीकाठ

हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. त्यासाठीच 2023 साली नवे नियम आले आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले. वंगण तेल बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर ठराविक प्रमाणात वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. मग ज्या दुकानातून आपण सीलबंद कॅन घेतो, त्याच दुकानात जुनं परत घेण्याचा ड्रम का नाही? मी दोन दुकानदारांना विचारलं. दोघांनी असं बघितलं की जणू मी उधारी मागतोय. महापालिकेची घंटागाडी ते घेणार नाही, आणि घेऊही नये, कारण ते ओल्या-सुक्यात मिसळतं. माझी खरी तक्रार ही आहे. ओतणाऱ्याचा राग आहेच, पण त्याला नेऊन द्यायला जागाच ठेवलेली नाही.

पाथर्डी फाटा

दिवसभर कामावर होतो, आता सगळ्यांना एकत्र लिहितो.

सिडकोवाली ताई, घोड्यांचं लिहायला हवं होतं हे खरं. माझी गाडी उंच आहे, चेंबरखाली झोपून हात जातो, म्हणून ते सुचलं नाही. ज्यांच्या गाड्या खाली आहेत त्यांनी ताईंचंच ऐकावं. घोड्या नसतील तर काडीच्या नळीतून ऑइल ओढणारा हातपंप मिळतो, पण फिल्टर खाली असेल तर त्याने अर्धंच काम होतं.

सर्व्हिस बे, डीपीएफच्या मुद्द्यावर वाद नाही. मॅन्युअलमध्ये जो दर्जा लिहिलाय तोच घालायचा, चिकटपणाचा आकडा जुळला म्हणून चालत नाही. बिल, फिल्टरचा खोका आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो मी ठेवतो. पण ऑइल काळं का होतं, याचं तुमच्या भाऊबंदाने मला दिलेलं उत्तर आजही मला पटलेलं नाही, आणि तुम्हीही त्याला हात लावलेला नाही.

नंदिनीकाठ, मी ऑइल गटारात ओतत नाही. कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजच्या ड्रममध्ये ओततो. ‘जुने नाशिक’ यांचं वाचल्यावर तो ड्रम पुढे कुठे जातो ते मी कधी विचारलं नव्हतं, हे मानावं लागतं. विचारतो. बाकी एक शब्दही मागे घेत नाही.

सर्व्हिस बे

तुमची गाडी मी पाहिलेली नाही. पेट्रोलचं ऑइल सर्व्हिसच्याच दिवशी काळंकुट्ट असेल आणि फिल्टरवर जुनी धूळ असेल, तर ते बदललेलं नव्हतं. लेखी देतो. आता तरी पोरांना शिव्या देणं थांबवा, बिल बनवणारा पोरगा नसतो.

सातपूर टूलरूम (निवृत्त)

हे आधी लिहिलं असतं तर अर्धा धागा वाचला असता.

जुने नाशिक

पाथर्डी फाटा, विचारायला जाल तेव्हा मालकाला विचारा, पोराला नाही. नेणारा पावती देतो का आणि पावतीवर मंडळाच्या परवानगीचा क्रमांक आहे का, एवढं बघा. नसेल तर अधिकृत सेंटरवाले तरी बाहेरचा कॅन घेतात का, ते ‘सर्व्हिस बे’ सांगू शकतील.

सर्व्हिस बे

आमच्या मॅनेजरला विचारून सांगतो. शब्द देत नाही. घेतलाच तर झाकण घट्ट हवं, आणि त्यात कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पेट्रोल मिसळलेलं नको. मिसळलेलं असेल तर नेणारा अख्खा ड्रम नाकारतो.

नंदिनीकाठ

मॅनेजरचं उत्तर इथेच लिहा. नाही आलं तर सोमवारी मी स्वतः कॅन घेऊन येतो.